भाग १७ : पिंजरा आणि सांगाडा

कोणी इंदूरहून ऐकतंय, कोणी बडोद्याहून, कोणी हैदराबादेत बसून. मागच्या भागात आपण युद्धकाळातल्या धावपट्ट्यांबद्दल बोललो. त्याच धाग्याला धरून आज एका अगदी लहान वस्तूचा इतिहास सांगणार आहे. मोटारशर्यतीच्या गाडीत डोक्याभोवती जो लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, ज्याला रोल केज म्हणतात, तो कुठून आला आणि आपल्या मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीच्या पोटात तो बसवायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हा आजचा विषय.

विषय निवडला त्याला कारण माझा पुतण्या. २०१३ सालची गोष्ट. त्याने १९९८ च्या मॉडेलची एक मारुती ८०० स्वस्तात घेतली. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानातल्या मातीच्या ट्रॅकवर घड्याळाशी खेळायची शर्यत. त्यात ती पळवायची होती. मी नुकताच निवृत्त होऊन बेळगावला परतलो होतो. मला म्हणाला, "काका, पिंजरा बसवून आणलाय, एकदा नजर टाका. तुमची आयुष्यभराची वर्कशॉपची सवय."

गेलो. गाडी लाल, पिंजराही लाल, चकाचक रंगवलेला. मी पाइपावर बोटाने टिचकी मारली, मग वळणावरून हात फिरवला. जिथे पाइप वाकवला होता तिथे आतल्या बाजूला चुण्या पडल्या होत्या आणि गोल पाइप चपटा झाला होता. पायाशी पाहिलं तर पाइपाचं टोक थेट गाडीच्या तळाच्या पातळ पत्र्याला चिकटवलेलं. मी विचारलं, "पाइप कुठला?" उत्तर आलं, "पाण्याचा, बी क्लास." मिस्त्रीचा धंदा गेट आणि खिडक्यांच्या ग्रिलचा. माणूस प्रामाणिक होता. त्याला पिंजरा सांगितला, त्याने पिंजरा केला. तो कशासाठी हवा आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी पुतण्याला म्हणालो, "हे काढ." तो चिडला. पैसे गेले होते, पहिली शर्यत तीन आठवड्यांवर होती. "काका, नसण्यापेक्षा असलेला बरा ना?" या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी नीट देऊ शकलो नाही. आज देतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५९ हे साल लक्षात ठेवा. इतिहासात कधी कधी असं होतं की एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच प्रश्नाशी वेगवेगळ्या ठिकाणी झगडत असतात आणि उत्तरं साधारण एकाच वेळी बाहेर येतात. त्या काळापर्यंत गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला गेलेला बरा, अशी शर्यतीतल्या अनेकांची प्रामाणिक समजूत होती. गाडीत अडकलो तर चिरडून किंवा जळून मरू, असा त्यामागचा हिशेब. पट्टा बांधणं म्हणजे मरण ओढवून घेणं. ही समजूत मूर्खपणाची नव्हती. डोक्यावर काहीच नसेल तर ती खरीही होती.

१९५८ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पहिल्याच फेरीत मोठा अपघात झाला. पॅट ओ'कॉनर या चालकाची गाडी दुसऱ्या गाडीवरून उडाली, उलटी आदळली आणि त्यात तो गेला. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, तिथे चालकाच्या डोक्यामागे पोलादी कमान, म्हणजे रोल बार, सक्तीची झाली. त्याच १९५९ मध्ये स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर उलटण्यापासून वाचवणारी चौकट बंधनकारक केली. शेतकरी उतारावर ट्रॅक्टरखाली सापडून मरत होते आणि शर्यतीच्या मैदानावर जे सुचत होतं तेच शेताच्या बांधावरही सुचलं. त्याच वर्षी, स्वीडनमध्येच, व्होल्वोच्या नील्स बोलिन या इंजिनिअरचा तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट गाड्यांत आला. आज आपण सगळे वापरतो तोच. आणि त्याच वर्षी मर्सिडीजने बेला बारेनीच्या कल्पनेवर आधारलेली गाडी बाजारात आणली. तिचं पुढचं आणि मागचं अंग चुरगळणारं होतं आणि मधली माणसांची खोली घट्ट.

या चारही गोष्टींत एकच विचार आहे. माणसाभोवती एक जागा अशी राखायची की बाहेर काहीही झालं तरी ती आक्रसणार नाही, आणि माणसाला त्या जागेत बांधून ठेवायचं. नुसती जागा राखून माणूस मोकळा सोडला, तर तो त्याच चौकटीवर आपटतो. नुसतं माणसाला बांधलं आणि छप्पर खाली आलं, तर तो चिरडतो. दोन्ही एकत्र हवं. पिंजऱ्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. पुढचं सगळं कारागिरीचं काम आहे.

आता गंमत बघा. त्याच १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये एक छोटी गाडी बाजारात आली, तिचं नाव मिनी. ॲलेक इसिगोनिस यांनी ती आखली. लांबी सुमारे ३.०५ मीटर, चाकं दहा इंची, वजन सहाशे किलोच्या आसपास. इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवायची, म्हणजे उरलेली जवळजवळ सगळी जागा माणसांना मिळते. आपली मारुती ८०० याच विचारसरणीची पुढची पिढी म्हणायला हरकत नाही. आडवं इंजिन, पुढच्या चाकांना जोर, आणि कोपऱ्यांत लोटलेली छोटी चाकं.

मिनी कुटुंबासाठी केलेली गाडी. पण ती वळणांवर अशी चिकटून पळायची की शर्यतवाल्यांनी ती उचलली. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी मिनी कूपर एस घेऊन मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकलं. १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन, १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन. मधल्या १९६६ च्या वर्षी मिनी पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या आणि पुढच्या दिव्यांच्या नियमावरून बाद झाल्या. विजय सीट्रोएनच्या पाउली टोइव्होनेनला मिळाला. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्या काळच्या मिनींत आज दिसतो तसा पूर्ण पिंजरा नव्हता. एवढ्या वेगाने, बर्फावरून, रात्री, कापडी अस्तर आणि पातळ पत्र्याच्या छपराखाली ही माणसं पळत होती. १९६० च्या दशकातच जॉन ॲली नावाच्या, स्वतः मिनी पळवणाऱ्या इंग्रज चालकाने छोट्या बंद गाड्यांसाठी रोल बार करून विकायला सुरुवात केली. फॉर्म्युला वनमध्ये १९६१ पासून डोक्यामागची कमान आली होती, पण ती उघडी गाडी. बंद गाडीला छप्पर असतं, त्यामुळे डोक्यावर काहीतरी आहे असं वाटतं. तिथेच माणूस फसतो. छपराचा पत्रा पावसापासून वाचवतो. गाडीचं वजन उलटं होऊन त्यावर आलं की तो पिठाच्या डब्याच्या झाकणासारखा दबतो.

इथे आपल्या मुंबईचा एक संबंध सांगतो. १९६८ मध्ये लंडन ते सिडनी अशी महाप्रचंड मोटार मॅरेथॉन झाली. पहिला टप्पा लंडन ते मुंबई. तिथून गाड्या 'चुसान' या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. मुंबईत पोचताना रॉजर क्लार्क आणि ओव्ह आंदरसन यांची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. ऑस्ट्रेलियात शेवटाजवळ लुसियाँ बियांकी यांची सीट्रोएन पुढे होती, जिंकल्यातच जमा. आणि बंद असायला हवा होता अशा रस्त्यावर समोरून एक मिनी आली. समोरासमोर धडक. बियांकी गाडीत अडकले, जबर जखमी झाले. मागून येत होते पॅडी हॉपकर्क, माँटे कार्लोचे तेच मिनीवाले. त्यांना अजून जिंकायची संधी होती. त्यांनी गाडी थांबवली, मदतीसाठी मागे फिरले. शर्यत हिलमन हंटर घेऊन अँड्र्यू कोवन यांनी जिंकली आणि हॉपकर्क दुसरे आले. मी फौजेतला माणूस. मला हा दुसरा क्रमांक फार मोठा वाटतो.

१९७० च्या दशकात नियम हळूहळू आखडत गेले. आधी पुढच्या सीटमागे एक कमान. मग तिला मागून दोन तिरके आधार, मग पुढे आणखी एक कमान, मग दोघींना जोडणारे आडवे पाइप, मग दारांतून जाणारे पाइप. एके काळी वजन वाचवायला ॲल्युमिनियमचे पिंजरेही चालत. पुढे ते बंद झाले आणि पोलाद राहिलं. प्रत्येक पाइपामागे एखादा अपघात आहे, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं ठरणार नाही.

त्यातले दोन सांगतो. २ मे १९८६. कॉर्सिका बेटावरची रॅली. पाउली टोइव्होनेनचा मुलगा हेन्री आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्टो, लान्चिया डेल्टा एस फोर या प्रचंड ताकदीच्या गाडीत. गाडी एका वळणावरून खाली दरीत गेली, उलटली, पेटली. आग विझली तेव्हा उरला होता तो पाइपांचा सांगाडा. दोघंही गेले. ग्रुप बी नावाचा गाड्यांचा तो वर्ग त्यानंतर बंद करण्यात आला. पिंजरा शाबूत राहिला, माणसं नाहीत. म्हणजे पिंजरा ही गोष्ट एकटी उभी राहत नाही. पेट्रोलची टाकी कुठे आहे, नळी कुठून जाते, आग विझवायची काय सोय आहे, हे त्याच यादीत येतं.

दुसरा १८ सप्टेंबर २००५, वेल्स. मार्को मार्टिनची पेजो बाजूने झाडावर आदळली आणि सहचालक मायकेल पार्क जागीच गेला. छपराचा प्रश्न सुटला होता, पण दाराचा राहिला होता. त्यानंतर दाराच्या बाजूच्या संरक्षणावर खूप काम झालं.

आता घरी येऊ. आपल्याकडे मोटारशर्यत सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर. मुंबईला जुहू, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मद्रासजवळ शोलावरम. शोलावरमच्या शर्यती तर दक्षिणेत जत्रेसारख्या भरत. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक आला आणि धावपट्ट्यांचं युग संपलं. रॅलीकडे पाहिलं तर १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. १९९९ पासून शिमल्याच्या मंडळींनी रेड द हिमालय भरवायला घेतली आणि तिच्यात लष्कराचे संघही उतरत. आमच्या पिढीतल्या कित्येक अधिकाऱ्यांनी स्पिती आणि लडाखचे रस्ते जिप्सीच्या स्टिअरिंगमागून पाहिले ते तिथे.

पण या खेळाला सामान्य घरातली पोरं मिळवून दिली ती मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली किल्ली दिली गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास, वजन साडेसहाशे किलोच्या घरात, बारा इंची चाकं. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी तिचंच इंजिन घालून एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्या केल्या आणि त्यांवर एक पिढी शिकली. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. जुनी गाडी मोटरसायकलच्या किमतीत यायची. म्हणूनच माझ्या पुतण्याने ती घेतली.

तर तो लाल पिंजरा आम्ही काढला. गॅस कटरने नव्हे, ग्राइंडरने, कारण खाली पेट्रोलची नळी होती. आणि नव्याने सुरुवात केली. उद्यमबागेत एक वयस्क मिस्त्री भेटले. आयुष्यभर हायड्रॉलिकच्या नळ्यांचं काम केलेले. दाबाखाली पाइप कसा वागतो हे त्यांना हातानेच कळायचं. त्यांना मी कागद दाखवला.

कागदावर काय होतं ते थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पाइप थंड ओढलेला, बिनजोडाचा, साध्या कार्बन पोलादाचा हवा. ताण सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन. सीटमागच्या मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि दोन जाडी. बाकीच्या पाइपांना ३८ आणि अडीच, किंवा ४० आणि दोन. वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. म्हणजे ४५ च्या पाइपाला १३५ मिलिमीटर. यापेक्षा घट्ट वाकवला की आतली बाजू चुणते, बाहेरची ताणून पातळ होते, आणि गाडी उलटल्यावर पाइप तिथूनच मिटतो. लाल पिंजऱ्यात नेमकं हेच झालं होतं.

मिस्त्रींनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, पाइप मी वाकवीन. पण ह्या गाडीच्या पोटात तो जायचा कुठून?"

मंडळी, छोट्या गाडीचा खरा प्रश्न हाच आहे. मोठ्या गाडीत पिंजरा बसतो. छोट्या गाडीत पिंजऱ्यासाठी घर रिकामं करावं लागतं. आम्ही मागची सीट काढली. पुढच्या दोन्ही काढल्या. गालिचा, दारांची आतली पॅडिंग, छताचं अस्तर, सगळं बाहेर. तळाला आवाज मारण्यासाठी डांबरासारखा थर चिकटवलेला असतो, तो खरवडून काढायला दोन दिवस लागले. तो ठेवला तर वेल्डिंगच्या उष्णतेने पेटतो आणि धूर असा होतो की माणूस गाडीत बसू शकत नाही. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. वायरिंगची जुडी तळाच्या कडेने जाते, ती सोडवून मध्यभागी आणली. पुढच्या काचेवर जुनं कांबळं टाकलं, कारण ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतते आणि तो डाग कायमचा राहतो.

मग डॅशबोर्ड. पुढच्या कमानीचे पाय काचेच्या बाजूच्या खांबाला लागून खाली उतरतात आणि वाटेत डॅशबोर्ड येतो. दोन मार्ग आहेत. पाय डॅशबोर्डच्या अलीकडून घ्यायचे, म्हणजे कापाकापी वाचते, पण गुडघ्यासमोर पाइप येतो. किंवा डॅशबोर्डच्या कडा कापून पाय त्यातून खाली न्यायचे. पुतण्याला डॅशबोर्ड कापवेना. "काका, गाडीचा चेहरा जाईल." मी त्याला सीटवर बसवलं आणि गुडघा जिथे येतो तिथे खडूने खूण केली. अलीकडून घेतला असता तर पाइप त्या खुणेपासून चार बोटांवर होता. त्याने स्वतः करवत उचलली.

छताजवळचं वेल्डिंग ही तर खास युक्तीची जागा. पाइप छपराला अगदी टेकून हवा, नाहीतर डोक्याला जागा उरत नाही. आणि टेकून बसवला की त्याच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची कांडी पोचत नाही. अर्ध्या घेरात वेल्डिंग केलेला सांधा म्हणजे अर्धाच सांधा. यावर जुने कारागीर असं करतात: पायांच्या जागी तळाच्या पत्र्यात भोकं पाडायची, जुळवलेला पिंजरा त्या भोकांतून काही इंच खाली सोडायचा, म्हणजे वर छपराशी फट तयार होते. सगळे सांधे चहूबाजूंनी वेल्ड करायचे. मग पिंजरा उचलून छपराला भिडवायचा आणि भोकांवर जाड पट्ट्या टाकून त्यावर पाय पक्के करायचे. ही युक्ती मी मिस्त्रींना सांगायच्या आत त्यांनीच मला सांगितली. आयुष्यात कधी रोल केज केला नव्हता, पण हात शहाणा होता.

आणि पाय. पिंजऱ्याचा सगळा भार शेवटी चार-सहा पायांतून तळात उतरतो. गाडीच्या तळाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. पाय त्यावर थेट टेकवला तर गाडी उलटल्यावर पाइप पत्र्यातून आरपार बाहेर येतो आणि पिंजरा आतल्या आत खाली बसतो. म्हणून मुख्य पायांखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. बोल्टचा पिंजरा असेल तर प्रत्येक पायाला आठ मिलिमीटरचे, ८.८ दर्जाचे किमान तीन बोल्ट. पट्टी तळाला आणि दाराखालच्या उंबऱ्याला, दोन्हीला धरेल अशी वाकवली की भार पसरतो. खुर्चीच्या पायाखाली वाळूत फळी ठेवतो तसं.

वजनाचा हिशेबही ऐका. ४५ चा पाइप मीटरला साधारण २.६ किलो, ३८ चा २.२ किलो. आमचा मुख्य कमानीला पाच मीटर आणि बाकी साडेदहा मीटर पाइप गेला, म्हणजे ३६ किलो. तळाच्या पट्ट्या वेगळ्या. मागची सीट, गालिचा आणि अस्तर काढून त्यातलं बरंचसं परत मिळालं. शेवटी जिथे हेल्मेट लागू शकेल तिथे दाट फोमचं ठरावीक पॅडिंग. झोपायच्या गादीचा स्पंज नव्हे. बकेट सीट आणि खांद्यांवरून येणारा हार्नेस. सगळं मिळून दहा आठवडे गेले. तीन आठवड्यांवरची शर्यत हुकली. पुतण्या महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

आता तो प्रश्न. नसण्यापेक्षा असलेला बरा ना?

१९८० च्या दशकाच्या शेवटी मी डोंगराळ भागातल्या एका युनिटच्या वर्कशॉपमध्ये होतो. तरुण कॅप्टन. आमच्या हलक्या गाड्यांना वर ताडपत्रीचं हूड असे आणि ते धरायला पाइपांच्या कमानी. दर महिन्याला मी गाड्या तपासायचो. यादीत एक ओळ होती, हूडची चौकट. कमानी सरळ आहेत, पिना जागेवर आहेत, ताडपत्री ताणलेली आहे. मी लिहायचो, ठीक.

पावसाळ्यात एका सकाळी रस्त्याची कड ढासळली आणि त्यातली एक गाडी खाली गेली. फार खोल नाही. दोन कोलांट्या घेऊन उलटी थांबली. मागे बसलेले दोघं बाहेर फेकले गेले आणि वाचले. ड्रायव्हर, सातारा जिल्ह्यातला एक नाईक, स्टिअरिंगला धरून होता. तो गाडीखाली सापडला. मी पोचलो तेव्हा हूडच्या कमानी सीटच्या पाठीला टेकलेल्या होत्या, काडेपेटीच्या काड्यांसारख्या. चौकशी झाली. कोणाचा दोष निघाला नाही, कारण खरंच कोणाचा नव्हता. रस्ता गेला होता. आणि त्या महिन्याच्या माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, हूडची चौकट, ठीक.

ती ठीकच होती, पावसासाठी. मला तोवर कधी वाटलंच नव्हतं की डोक्यावरची चौकट दोन प्रकारची असू शकते, एक ताडपत्री धरणारी आणि एक गाडी धरणारी. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. आणि त्या सारखेपणात धोका आहे. त्या नाईकाला मी कित्येकदा वळणांवर जोरात जाताना पाहिलं होतं आणि एकदा हटकलंही होतं. तो हसून वरच्या कमानीवर थाप मारून म्हणाला होता, "साहेब, वर लोखंड आहे की." मीही हसलो होतो.

म्हणून पुतण्याला उत्तर हे. डोक्यावर काही नसेल तर माणूस जपून चालवतो. डोक्यावर खोटं काही असेल तर तो त्याच्या भरवशावर चालवतो. नुसता दिसायला असलेला पिंजरा नसण्यापेक्षा वाईट, कारण तो मोडायच्या आधी आपल्याला फसवतो. हे मी त्याला पिंजरा पूर्ण झाल्यावर, एका संध्याकाळी गॅरेजच्या पायरीवर बसून सांगितलं. तो काही बोलला नाही. उठला आणि आत जाऊन पायाचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून आला.

शेवटी तरुण मंडळींना एक सूचना. तुमच्यातले काही जण रोजच्या गाडीत असला पिंजरा बसवायचा विचार करतात. करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी शास्त्र तेच सांगतं. पिंजऱ्याचा पाइप तुमच्या कानशिलापासून वीतभर अंतरावर असतो. हेल्मेट आणि हार्नेस असेल तर तो तुमचा रक्षक. नुसता साधा पट्टा आणि उघडं डोकं असेल तर सिग्नलला मागून बसलेल्या साध्या धक्क्यातही तोच पाइप घणासारखा लागतो. आमची ८०० शर्यतीला ट्रकवर चढून जायची आणि ट्रकवर चढूनच घरी यायची.

ती दोन हंगाम पळाली. एकदाही उलटली नाही. पुतण्याने पुढे नोकरी धरली, लग्न झालं, गाडी विकली. घेणारा कोल्हापूरचा एक पोरगा होता. व्यवहार ठरल्यावर त्याने पिंजऱ्यावर हात ठेवून विचारलं, "दादा, हा कधी कामाला आलाय का?" पुतण्या म्हणाला, "नाही. पण पाइपाचा टेस्ट रिपोर्ट फाइलमध्ये आहे, आधी तो वाच. मग हात ठेव."

पुढच्या भागात आपण जबलपूरला जाऊ, तिथल्या वाहन कारखान्याची गोष्ट घेऊन. तोवर, गाडीत बसलात की पट्टा बांधा. मागच्या सीटवरसुद्धा.

जय हिंद.